पहिल्याच चमच्याला ‘पुरे’

जीएसटी आला त्या वर्षी पुसदच्या बाजारात सगळ्यांना वर बोट दाखवायची सवय लागली. साखर काहून वाढली, असं विचारलं की किराणावाला मान न उचलता एक बोट वर करायचा. बेसनाचं पाकीट, तुपाचा डबा, शेवया, पापड, सगळ्यांचं उत्तर एकच आणि ते कुठंतरी छताच्या वर राहायचं. चहावाल्यानं कप तेवढाच ठेवून चहा खाली नेला आणि तोही वर बोट दाखवायला लागला. मी एकदा भाजीबाजारात सांभारावरून, म्हणजे कोथिंबिरीवरून, एका बाईशी वाद घातला. सांभारावर कसला आलाय कर, असं तिला शाळेतल्या आवाजात समजावलं. तिनं हातातली जुडीच वर केली. तिच्या डोक्यावर तर छतही नव्हतं, नुसतं आभाळ. मी जुडी घेतली आणि मुकाट घरी आले.

एरवी एवढी कुरकुर झाली नसती. पण आमच्याकडे सगळा बाजार चालतो तो कापसावर, मग तुम्ही शेती करा की नका करू. माझ्या सासरी तीन पिढ्यांनी कचेरीत कागद काळे केले. मी शाळेत मराठी शिकवते, बोंड कधी वेचलं नाही. तरी कापूस बसला की शिंपी बसतो, भांडेवाला बसतो, शिकवणीची फीसुद्धा बसते. आणि ती वर्षं कापूस बसण्याचीच होती. आमच्या गल्लीच्या टोकाला कापसातली सरकी काढायचं जिनिंग आहे. पूर्वी हंगामात त्याच्या आवाजानं झोप लागत नसे. त्या काळात आवाज नाही म्हणून लागत नसे.

अशात श्रावण लागला आणि यवतमाळहून माझे मोठे दीर आले. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरे म्हणतात. भासरे कचेरीतून रिटायर झालेले, फ्लॅटमध्ये राहणारे, आणि हिशेबी म्हणून नातेवाइकांत गाजलेले. ते आले होते महालक्ष्म्यांबद्दल बोलायला.

पुण्याकडचे लोक गौरी म्हणतात आणि घरातल्या घरात गोडधोड करून मोकळे होतात. वऱ्हाडात ते प्रकरण लग्नासारखं असतं. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात, त्यांच्या डोक्यावर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगतात, आणि दुसऱ्या दिवशी जेवण: पुरणपोळी, आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्या. आमच्या घरची रीत अशी की त्या जेवणाचं बोलावणं नसतं. दुपारी आरती झाली की माझ्या सासूबाई दाराचे दोन्ही पल्ले उघडून उंबऱ्याशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवायच्या. ज्यानं पाय धुतले तो जेवायला बसला. पानं मोजायची नाहीत. आणि एका पोळीवर कोणाला उठू द्यायचं नाही. एका पोळीवर माणूस उठला तर लक्ष्मीच अर्ध्या पोटी उठली, असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना दुसरी पोळी पानात टाकून मोकळ्या व्हायच्या.

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मागच्या वर्षी माझ्या जाऊबाईंनी यवतमाळहून येऊन सगळं पार पाडलं आणि नंतर कित्येक दिवस कंबर शेकली. या वर्षी स्वयंपाक माझ्यावर होता. म्हणजे काळजी सगळ्यांनाच होती.

आता, भासऱ्यांशी धाकट्या सुनेनं थेट बोलायचं नाही अशी आमच्यात जुनी रीत आहे. घरात ती अर्धीच उरली आहे. एरवी ते माझ्याकडे पेपर मागतात, चष्मा कुठं ठेवला विचारतात. पण बोलणं मुद्द्यावर आलं की आम्ही दोघंही माझ्या नवऱ्याकडे पाहून बोलतो. नवरा मधे टेलिफोनच्या खांबासारखा उभा.

भासऱ्यांनी सगळं मांडलं. आता मोजकी पंचवीस पानं करायची, माणसं आधी ठरवायची, स्वयंपाक केटररकडून मागवायचा. आणि पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या यवतमाळला न्यायच्या, फ्लॅटखालच्या हॉलमध्ये बसवायच्या. त्यांचं तसं चुकत नव्हतं. देव मोठ्या भावाच्या घरी जातात, त्यालाही रीतीचाच आधार आहे.

"तिले सांग," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आई होती तवा म्हैस होती, तूप घरचं होतं. आता डबा घ्या लागते, अन् डब्यावर कर. दार उघडं टाकून बसाचे दिवस गेले."

"भाऊजींना सांगा," मी म्हणाले, "दार उघडंच राहील. एक माणूस जरी एका पोळीवर उठला, तर महालक्ष्म्या मी स्वतः त्यांच्या गाडीत ठेवून देईन. मुखवटे, साड्या, सगळं."

नवऱ्यानं निरोप पोचवला नाही. पोचला होता. भासऱ्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि चष्मा पुसला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मला पुरणपोळी येत नाही. करते, येत नाही. माझी पोळी तव्यावर पडली की तिला पुरणापासून घटस्फोट हवा असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्यानं कधी तक्रार केली नाही. तो ती चमच्यानं खातो. अशा बाईनं पैज लावली होती, आणि पैजेवर ठेवल्या होत्या घराण्याच्या महालक्ष्म्या. पण बोललेलं परत घेण्याची सवय मला माहेरीही कोणी लावली नव्हती.

मग मी एक नेम केला. ज्याच्यावर काही छापलेलं आहे ते महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात येणार नाही. कर पाकिटावर लागतो ना, तर पाकीटच नको. माझं माहेर फुलसावंगीचं. तिथून हरभरा आणला, एसटीच्या टपावरून, आणि खाली उतरवताना कंडक्टरकडून दोन शब्द ऐकून घेतले. हरभरा चक्कीवर भरडला, डाळ घरी पाखडली. तिचं टरफल पुढं दिवाळीपर्यंत घराच्या कोपऱ्यांत सापडत होतं. बेसन घरचं, मसाला घरचा, पापड घरचे. गूळ उघड्या ढेपेचा. सोळा भाज्यांसाठी बाजारातल्या सगळ्या बायांशी गोड राहायचं ठरवलं, सांभारवालीशीसुद्धा.

राहिलं तूप. मी रोजच्या दुधाची साय काढायला लागले. श्रावणभर माझ्या नवऱ्यानं असा चहा प्यायला की कपाचा तळ वरून दिसायचा. तो फक्त एकदाच म्हणाला, हे दूध आहे की दुधाची आठवण? शेवटी तूप कढलं ते एक लहानसं पातेलंभर. घरभर वास सुटला, एवढं मात्र खरं.

पोळ्या लाटायला मी माझ्या मैत्रिणीला बोलावलं. ती माझ्याच शाळेत गणित शिकवते, पलीकडच्या नगरात राहते. तिच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून तिच्या घरी देवी नाही. ती हात जोडत नाही, मी जोड म्हणत नाही. पण पोळी ती अशी लाटते की पलीकडचा दिवा दिसावा. सासूबाईंच्या वेळी ती पंगतीत बसायची, चुलीपाशी नाही. ती रीत त्या वर्षी मी मोडली, आणि खरं सांगायचं तर त्यामागं माझे विचार कमी आणि माझ्या पोळ्या जास्त होत्या. नैवेद्याच्या पोळ्या मीच लाटल्या. देवींनी फुटक्या पोळ्या गोड मानून घेतल्या. त्यानंतर पोळपाट मैत्रिणीकडे गेला. जाऊबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तव्यावर फुगलेल्या पोळीकडे पाहिलं, आणि पुरणाचे गोळे करून तिच्यापुढं ठेवायला लागल्या.

आरती झाली. मी दाराचे पल्ले उघडले, बादली ठेवली. आणि तूप वाढायची मोठी पळी डाळीच्या डब्यामागं लपवून पातेल्यात चहाचा चमचा ठेवला. तूप वाढणं हे दरवर्षी भासऱ्यांचं काम. सोवळं नेसून, एका हातात पातेलं घेऊन ते पंगतीतून फिरतात तेव्हा कचेरीतले साहेब वाटत नाहीत. त्यांनी चमचा पाहिला. पातेलं उचललं. हिशेबी माणसाला चमचा पटणारच, असं मला वाटलं.

पहिली पंगत भरली. पहिल्या पाटावर नेहमीप्रमाणे मापारीकाका. काका जिनिंगमध्ये कापूस मापायचे, जिनिंग चालायचं तेव्हा. पोळ्या खाण्यात त्यांचं गल्लीत नाव होतं. ते पाय धुताना दिसले की सासूबाई कणीक आणखी भिजवायला सांगायच्या. भासऱ्यांनी त्यांच्या पोळीवर पहिला चमचा तूप सोडलं. पोळीच्या मधोमध टिकलीएवढा डाग पडला. आणि काकांनी पानावर हात आडवा धरला.

"पुरे."

आमच्याकडे पहिलं पुरे कोणाला ऐकू येत नसतं. दुसऱ्याला वाढणारा हसतो. तिसऱ्याला जेवणारा हात आडवा घालतो, तेव्हा तूप हातावर पडतं, मग थांबतात. पहिल्याच चमच्याला पुरे, आणि तेही हात घालून, हे आमच्या घरानं कधी पाहिलं नव्हतं. भासरे थबकले आणि पुढच्या पानाकडे वळले. तिथं शिंपीणबाई. पुरे. त्यांच्या शेजारी एसटीतले रिटायर ड्रायव्हर. पुरे. सगळी ओळ एका चमच्यात संपली. मी दुसऱ्या पोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आले, तर सगळे नको-नको करत होते. भाज्या छान झाल्या म्हणत होते, आंबील आईच्या हातासारखी झाली म्हणत होते, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठायच्या बेतात होते.

मी ताट घेऊन तशीच आत आले. मैत्रीण पोळपाटावर नको इतकी वाकली होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"गल्लीत ठरलं हाय," ती लाटणं न थांबवता म्हणाली. "घरून भाकर खाऊन याचं. एक पोळी घ्याची, देवीचा मान ठेवाचा, अन् उठाचं. एवढ्या महागाईत तुह्यावर भार नको म्हणून. तुले सांगू नको म्हणाले."

"आणि तू?"

"मी पिठलं खाऊन आली."

मला हसावं की रडावं कळेना. महिनाभर मी बाजाराशी लढले, कंडक्टरशी लढले, नवऱ्याच्या चहाशी लढले. आणि आता हरणार होते ती ज्यांच्यासाठी लढले त्यांच्या भलेपणानं. सगळी पंगत एका पोळीवर उठत होती. माझा शब्द माझ्याच दारात मोडत होता. मागं वळून पाहिलं तर भासरे दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, आणि महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाणार होत्या.

त्यांचा चेहरा लाल झाला होता. हातात तो चहाचा चमचा.

"पळी कुठं लपवली?" ते थेट मला म्हणाले. टेलिफोनचा खांब बाहेर पाणी वाढत होता.

"डाळीच्या डब्यामागं."

त्यांनी पळी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बाहेर गेले. मी मागून ताट घेऊन. काका अर्धे उठले होते.

"काका, बसा," मी म्हणाले. "महागाई बाजारात हाय. तिले चपलांपाशी ठेवून याचं होतं. पानापर्यंत काहून आणली?"

"पोरी, आम्हाले काय भाव माहीत नाही?" काका म्हणाले. "आम्ही का आंधळे हाओत?"

"भाव मी विचारून नाही राह्यली. पोळी घ्या."

मी दुसरी पोळी त्यांच्या पानात टाकली. काका शिंपीणबाईंकडे पाहायला लागले, शिंपीणबाई ड्रायव्हरांकडे. गल्लीत ठरलेली गोष्ट मोडायची तर पहिलं कोणी, हा प्रश्न होता. तेवढ्यात भासरे काकांपुढं उकिडवे बसले.

"काका," ते म्हणाले, "माह्या मायच्या हातून तुम्ही उभं आयुष्य खाल्लं. अन् माह्या हातून एका चमच्यात उठता? तूप कडू हाय काय?"

काकांनी हात आडवा घातला. भासऱ्यांनी पळी त्या हातावरच उपडी केली. मनगटावरून तूप पोळीवर उतरलं, पोळीवरून भातात गेलं. काकांनी हात पाहिला आणि डोळे मिटून चाटला.

"भाकर खाऊन आलो ना बाप्पा," ते शेवटी म्हणाले.

"मंग हळू खा. घाई कोणाले हाय?"

काकांनी पोळी मोडली. ती मोडली आणि ओळीतला सगळा ठराव मोडला. शिंपीणबाईंनी निमूट पान पुढं केलं. ड्रायव्हर म्हणाले, मी तर अर्धीच भाकर खाल्ली होती, मले माहीत होतं हे टिकणार नाही. त्यानंतर जे झालं त्याला जेवण म्हणणं कठीण आहे. पोटात एक जेवण आधीच असलेली माणसं दुसरं जेवण जेवत होती, आणि भासरे पळी घेऊन त्यांच्यावर पहारा करत होते. घाम पुसत, पाटावर मागं टेकत, एकमेकांना शिव्या देत लोक जेवले. पहिली पंगत घरी जाताना भिंत धरून गेली. पण तिनं बाहेर जाऊन गल्लीत काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल, दुसऱ्या पंगतीतले लोक पाय धुतानाच विचारत होते, चमचा गेला ना?

शेवटच्या पंगतीआधी पातेल्याचा तळ दिसला. साय संपली, श्रावण संपला, नवऱ्याचा त्याग संपला. बाहेर अजून माणसं पाय धूत होती. भासऱ्यांनी पातेल्यात डोकावलं, पळी ठेवली, सोवळ्यावरच शर्ट चढवला आणि माझ्या नवऱ्याची स्कूटर काढली. परत आले ते तुपाचा डबा घेऊन. चकचकीत, छापील, वर कराचीही ओळ. तो त्यांनी माझ्यापुढं ओट्यावर ठेवला.

"छापलेलं हाय," मैत्रीण म्हणाली. तिला माझा नेम माहीत होता, आणि गणितवाल्या बायका असल्या वेळी फार बारीक असतात.

मी सुरी घेतली आणि डब्याचं झाकण कापलं. नेम माझा होता, त्यात पाय धुऊन आलेल्या माणसांची काय चूक? त्या डब्यावरचा कर भरला गेला. जाऊ द्या. तसं पाहिलं तर माझं भांडण कराशी एवढं नव्हतंच. तो दुकानात राहिला असता तर मी कुरकुरत का होईना, देऊन आले असते. पण तो आमच्या गल्लीत शिरला, माणसांना घरी भाकर खाऊन यायला सांगायला लागला, पाटावर बसून त्यांच्या तोंडून पुरे म्हणायला लागला. तिथं मी त्याला बसू देणार नव्हते. विकतचं तूप भासऱ्यांनी त्याच पळीनं वाढलं, आणि कोणी फरक विचारला नाही.

घरच्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसली. तोवर सोळातल्या भाज्या कोणत्या उरल्या आणि कोणत्या संपल्या हे ओळखण्याची ताकद कोणात नव्हती. भासऱ्यांनी भात कालवला, एक पोळी खाल्ली, आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. जाऊबाईंनी त्यांना हलवून आतल्या पलंगावर पाठवलं. मी पाहिलं. जाऊबाईंनीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोरे बांधले, निरोपाची आरती झाली. मुखवटे जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवले. बाहेर भासऱ्यांची गाडी तयार होती. मी पेटी उचलली आणि अंगणात आले. शब्द म्हणजे शब्द.

"भाऊजींना सांगा," मी नवऱ्याला म्हणाले, "काल एक माणूस एका पोळीवर उठला. घरातलाच."

भासरे काच पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि पुन्हा काच पुसायला लागले.

"गाडीत जागा नाही," ते म्हणाले.

डिक्की उघडीच होती. आत एक स्टेपनी आणि जाऊबाईंची छत्री, बाकी सगळी मोकळी. जाऊबाईंनी पुढं होऊन डिक्की बंद केली. नवऱ्यानं माझ्या हातून पेटी घेतली आणि घरात नेऊन ठेवली.

गाडी गल्लीच्या टोकाशी गेली आणि थांबली. मापारीकाका ओट्यावर पोट धरून बसले होते. भासऱ्यांनी काच खाली केली.

"काका, पुढच्या वर्षी घरून खाऊन आले तर दारातून वापस धाडीन."

"पाहू," काका म्हणाले. "तू पळी मोठी आण."